कॅम कमीच बरा!

काही आवाजांचं व्यसन लागतं. नवी बुलेट घरात आल्याबरोबर पहिल्याच रविवारी तिचा सायलेन्सर बदलून आणणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आमच्या डेट्रॉईटकडे हेच व्यसन आठ सिलिंडरचं असतं. उन्हाळ्यातली संध्याकाळ असते आणि सिग्नलला तुमच्या शहाण्यासुरत्या जपानी गाडीशेजारी १९६९ ची एखादी कॅमेरो येऊन थांबते. थांबते म्हणजे काय, तर उभ्या उभ्या थरथरते, अडखळते, गुडूप-गुडुडूप-गुडूप करत आता बंद पडणार असं वाटायला लावते आणि पडत मात्र नाही. आजूबाजूची सगळी डोकी वळतात. गाडी हललेलीसुद्धा नसताना मिळालेली ही इज्जत! तिचं श्रेय जातं इंजिनाच्या पोटात दडलेल्या, अंगावर सोळा अंडाकृती उंचवटे असलेल्या एका दांडीला. नाव कॅमशाफ्ट.

माझ्या ऑफिसातला एक मित्र मूळचा कोथरूडचा. आधी ग्रीन कार्ड, मग घर, मग मुलगी, असा रीतसर क्रम पाळून त्याने गेल्या हिवाळ्यात १९७२ ची शेव्हेल मालिबू घेतली. मी पोटासाठी इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो, त्यामुळे मित्रमंडळात माझी पत साधारण गल्लीतल्या डॉक्टरएवढी. कुणाच्याही गाडीला खोकला झाला की फोन मला. याचा फोन मात्र खोकल्याचा नव्हता. "अरे, कॅम बदलायचाय. शॉर्टलिस्ट झालीये, सगळं फायनल आहे. तू फक्त हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. त्याचंच हे पुराण.

आधी गाडीची कुंडली. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं. हा फंडा १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओने लोकप्रिय केला आणि १९७० पर्यंत त्याचा कळस झाला. १९७१ साली जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतही बदलली. पूर्वी नागड्या इंजिनाची ताकद सांगायचे, आता फिल्टर, सायलेन्सर, पंखा सगळं लावून. त्यामुळे शेव्हेलच्या ज्या ३५० क्युबिक इंचाच्या, म्हणजे ५.७ लिटरच्या इंजिनाला १९७१ मध्ये २४५ हॉर्सपॉवर म्हणायचे, तेच १९७२ च्या कागदावर १६५ झालं. मित्राची गाडी नेमकी तीच. टू-बॅरल कार्ब्युरेटर, साडेआठास एक कॉम्प्रेशन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलला २.७३ चं गुणोत्तर आणि पॉवर ब्रेक. दिसायला पहिलवान, आतून बँकेतला कारकून. कारकून हा शब्द मित्राला लागला, पण मी मागे घेणार नाही. कारकून रोज वेळेवर कामावर येतो.

आता कॅम करतो काय? दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. सिलिंडर म्हणजे लोकलचा डबा. एका बाजूच्या दाराने पेट्रोल आणि हवेचं मिश्रण चढतं, दुसऱ्या बाजूच्या दाराने जळका धूर उतरतो. दारं म्हणजे व्हॉल्व्ह, आणि कुठलं दार कधी उघडायचं, किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरवणारा कॅम. क्रँकच्या दोन फेऱ्यांना याची एक. दार किती वेळ उघडं ते ड्युरेशन, किती उघडं ते लिफ्ट. एक क्षण असा असतो की दोन्ही दारं थोडी थोडी उघडी असतात. धुराची शेवटची मंडळी उतरताहेत आणि नवी चढायला लागलीत. हा ओव्हरलॅप.

सगळी मेख या ओव्हरलॅपमध्ये आहे. इंजिन ५००० आरपीएमला असतं तेव्हा गर्दीला वेग असतो. उतरणाऱ्यांच्या रेट्याने मागे पोकळी होते आणि चढणारे आपोआप आत ओढले जातात. मोठा कॅम तिथे सोनं करतो. पण ७०० आरपीएमवर, सिग्नलला, गर्दीला काही घाई नसते. अर्धे उतरणारे परत आत शिरतात, धूर ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादा डाव नीट पेटतच नाही. मग पुढचा जरा जास्त पेटतो. तो रुबाबदार गुडूप-गुडुडूप म्हणजे दुसरंतिसरं काही नसून इंजिनाची उचकी आहे. ऑफिसात स्क्रीनवर असलं काही दिसलं तर आम्ही रात्र जागून ते दुरुस्त करतो. इकडे लोक त्याच उचकीसाठी पैसे मोजतात!

मित्राच्या यादीत पहिल्या नंबरवर होता 'थंपर'. नावातच सगळं आलं. हा कॅम मुळात त्या आवाजासाठीच विकला जातो. कार्डावर इनटेकचं ड्युरेशन २७९ अंश. त्याच्याखाली मी सुचवलेला, अत्यंत कंटाळवाणा, एडेलब्रॉकचा 'परफॉर्मर'. त्याच्या कार्डावर २७८.

"एका अंशासाठी तू माझं मन मोडतोयस?" मित्र.

इथे जरा थांबा. तुमच्यापैकी निम्म्यांनी गेल्या काही वर्षांत फ्लॅट बघितले असतील, म्हणजे हा खेळ तुमच्या ओळखीचा आहे. बिल्डरचा सुपर बिल्ट-अप आणि प्रत्यक्षातला कार्पेट एरिया. कार्डावरचं जाहिरातीचं ड्युरेशन हा सुपर बिल्ट-अप. व्हॉल्व्ह जेमतेम हलला की काही कंपन्या मोजायला सुरुवात करतात, काही जरा उशिराने, ज्याची त्याची मर्जी. कार्पेट एरिया हवा असेल तर टॅपेट इंचाच्या पन्नास हजारांश, म्हणजे ०.०५० इंच वर आल्यावर मोजलेलं ड्युरेशन बघायचं. तिथे सगळ्यांना एकच फूटपट्टी. त्या फूटपट्टीने परफॉर्मर भरतो इनटेकला २०४ आणि एक्झॉस्टला २१४ अंश. थंपर २२७ आणि २४१. झाला एका अंशाचा तेवीस! ढोबळ हिशेब असा, की या मापात दहा अंश वाढले की इंजिनाची ताकद साधारण ५०० आरपीएम वर सरकते. म्हणजे खालच्या मजल्यावरचं सामान वरच्या मजल्यावर. आणि मित्र राहणार खालच्या मजल्यावर.

कसा, ते बघू. २.७३ चा अ‍ॅक्सल आणि २६ इंची टायर धरले तर ताशी ६० मैलांना, म्हणजे आपल्या जवळपास ९७ किलोमीटरला, टॉप गिअरमध्ये इंजिन फिरतं जेमतेम २१०० आरपीएमने. हायवेची ही कथा. शहरात त्याहून कमी. थंपरसारखा कॅम जिथे जागा होतो तिथे ही गाडी पोचणार दिवसातून दोनदा, तेही पोलीस नसेल तर. अ‍ॅक्सल बदलून ३.७३ चा टाकला तर त्याच वेगाला इंजिन २९०० ला जातं, मग कॅमला काहीतरी काम मिळतं. पण मग ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टरही बदलावा लागतो, कारण मूळचा कन्व्हर्टर कमी आरपीएमलाच गाडी ओढायला लागतो. मोठ्या कॅमचं इंजिन तेवढ्यात दम टाकतं. म्हणून आयडल वाढवायचं, तर ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला की गाडी पुढच्याच्या डिकीत. एका दांडीपायी अ‍ॅक्सल, कन्व्हर्टर, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर. नवा सोफा आणला म्हणून पडदे, पडदे आणले म्हणून रंग, तसलाच प्रकार.

कॉम्प्रेशनचं दुखणं तर त्याहून मुळाशी आहे. ड्युरेशन वाढवलं की इनटेकचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, त्यामुळे कमी वेगात आत घेतलेलं थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन अकरास एक आहे त्याला हा तोटा झेपतो. साडेआठवाल्याला नाही झेपत. त्याच्याकडे मुळात दाबच बेताचा, त्यातून गळती. मग सिग्नलवरून निघताना ती दादागिरी करणारी गाडी शेजारच्या मिनी व्हॅनच्या मागे राहते. हे मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय. मिनी व्हॅनमधल्या आईला तर शर्यत होती हेही कळलेलं नसतं.

"पण जुन्या काळी कंपनीच मोठे कॅम टाकायची की!" मित्राचा हुकमी एक्का. टाकायची, खरंय. शेव्हरोलेकडे झोरा आर्कस-डंटोव्ह नावाचा अवलिया इंजिनियर होता, जन्म १९०९ चा, ब्रसेल्सचा. त्याच्या नावाचा कॅमच आहे. तो कॅम लावलेली कॉर्व्हेट त्याने १९५६ साली डेटोना बीचच्या वाळूवर स्वतः ताशी १५० मैलांवर नेली. १९५७ मध्ये २८३ क्युबिक इंचांच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर काढण्याच्या पराक्रमातही त्याच्या कॅमचा वाटा होता. पुढे १९६४ पासून '३०-३०' नावाचा त्याहून जहाल कॅम आला आणि १९६७ ते ६९ च्या कॅमेरो झी/२८ मध्ये बसला. आता त्या झी/२८ चं ऑर्डर फॉर्म बघा. कॉम्प्रेशन अकरास एक. अ‍ॅक्सल ३.७३ चा. गिअरबॉक्स चार गिअरचा मॅन्युअलच, ऑटोमॅटिक मागितला तरी मिळायचा नाही. एअर कंडिशनरही नाही. ज्यांनी कॅम बनवला त्यांनीच तो तुमच्या-आमच्या ऑटोमॅटिक, एसी गाडीला लावायला नकार दिला होता. यापेक्षा स्पष्ट भाषेत कंपनीने आणखी काय सांगायचं?

एवढं होऊनही मित्र ढिला पडत नव्हता. गाडी हळू चालेल, चालू दे. पेट्रोल पिईल, पिऊ दे. हौसेला मोल नाही, हे मलाही मान्य आहे. पण एका मुद्द्यावर मी ऐकणार नव्हतो आणि तो मुद्दा काढला त्याच्या बायकोने. मागच्या सीटवर मुलीची कार सीट कशी बसेल हे मोजता मोजता तिने सहज विचारलं, "ब्रेकवर काही परिणाम नाही ना होत?"

होतो. या गाड्यांचा पॉवर ब्रेक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. तुम्ही पेडल दाबता आणि इंजिनाने ओढून धरलेली पोकळी तुमच्या पायाला हात देते. मूळच्या सौम्य कॅमवर आयडलला पाऱ्याचे सतरा-अठरा इंच व्हॅक्यूम आरामात मिळतं. ब्रेकचा बूस्टर नीट चालायला पंधरा-सोळाच्या आसपास हवं. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमवर ते दहा-बारावर येतं. पहिल्यांदा दाबलात तर ब्रेक लागतो, साठलेल्या पोकळीवर. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलात, म्हणजे पार्किंगमध्ये, उतारावर, ट्रॅफिकमध्ये, तर पाय दगडावर पडल्यासारखा वाटतो. आमच्या भागातल्या एकाची हिरवी शेव्हेल दोन वर्षांपूर्वी अशीच एका शाळेजवळच्या सिग्नलला अर्धी गाडी पुढे जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. तो माणूस उतरला तेव्हा त्याचे हात कापत होते, हे मी स्वतः बघितलंय. व्हॅक्यूमचा वेगळा पंप लावता येतो, हायड्रॉलिक बूस्टर लावता येतो, उपाय आहेत. पण ते कॅमच्या बजेटमध्ये कुणी धरत नाही. कॅटलॉगमध्ये आवाज ठळक अक्षरात असतो, ब्रेकची सूचना तळाशी बारीक टाइपात.

मुलीचं नाव निघाल्यावर थंपर यादीतून गेला. न बोलता.

राहिला मधला. कॉम्प कॅम्सचा 'एक्स्ट्रीम एनर्जी २६८', इकडच्या गॅरेजांमधला वडापाव म्हणावा असा लोकप्रिय. पन्नास हजारांशाला २२४ आणि २३०, लोब सेपरेशन ११० अंश. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर. ते कमी केलं की ओव्हरलॅप वाढतो आणि उचकी लागते. थंपरचं १०७ आहे, परफॉर्मरचं ११२. साडेनऊ कॉम्प्रेशन आणि ३.५० च्या आसपासचा अ‍ॅक्सल असता तर या २६८ ला मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. फार छान कॅम आहे. शिवाय त्याची लिफ्ट ०.४७७ आणि ०.४८० इंच. जुन्या मूळच्या सिलिंडर हेडवर एवढी लिफ्ट टाकायची तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरची टोपी खालच्या गाइडवर आपटत नाही ना, हे मोजूनच बघावं लागतं, आणि स्प्रिंग तर नव्या हव्यातच. परफॉर्मरची लिफ्ट ०.४२० आणि ०.४४२. पन्नास वर्षांचे हेड न उघडता बसतो.

या टप्प्यावर आम्ही मंडळातल्या एका काकांकडे गेलो. सत्तरच्या दशकात इकडे आलेले, आयुष्य इंजिन प्लांटमध्ये काढलेले. त्यांनी तिन्ही कार्डं चष्मा वर करून बघितली आणि मित्राला विचारलं, "गाडी दिवसातला किती वेळ पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर असते रे?"

"काका, तसं बघितलं तर... दहा सेकंद."

"मग दहा सेकंदांसाठी कॅम घेणार की उरलेल्या वेळासाठी?" एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले. माझे तीन आठवडे त्यांनी दोन वाक्यांत उरकले, याचा मला थोडा रागच आला.

चहा झाल्यावर मात्र त्यांनी ज्यावर तासभर घेतला तो विषय वेगळाच होता. तेल. म्हणाले, कुठला कॅम घेता त्यापेक्षा तो पहिल्या अर्ध्या तासात मरतो की जगतो हे बघा. आणि यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. या जुन्या इंजिनांत टॅपेट सपाट बुडाचे असतात. सपाट म्हणायचे, प्रत्यक्षात बूड अगदी किंचित फुगीर, आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका, म्हणजे टॅपेट घासत न बसता स्वतःभोवती फिरत राहतो. जिथे दोन्ही टेकतात तो ठिपका इवलासा आणि त्यावरचा दाब प्रचंड. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना रुळेपर्यंत त्यांना वाचवतो तो तेलातला जस्त आणि फॉस्फरसचा मसाला. हाच फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला विष. म्हणून नव्या गाड्यांच्या तेलातून तो कमी होत गेला. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम दर्जात नेहमीच्या पातळ तेलांसाठी ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. नव्या गाड्यांना त्याने काही फरक पडत नाही, कारण त्यांचे टॅपेट रोलरचे. शेव्हरोलेच्या याच घराण्यातल्या इंजिनाने १९८७ मध्ये रोलर घेतला. पण १९७२ च्या सपाट टॅपेटला सुपरमार्केटमधलं आजचं तेल घातलंत, तर उंचवटा झिजून गोल होतो, आणि झिजलेला धातू तेलातून बेअरिंगपर्यंत फिरून येतो. कॅमच्या पैशात इंजिन गेलं.

रोलरचा संच जुन्या इंजिनात बसतो का? बसतो. पैसे काही पट लागतात. वर कॅम पुढेमागे सरकू नये म्हणून समोर एक बटण लावावं लागतं, डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्या पोलादाला चालेल असा बघावा लागतो. अलीकडच्या काळात सपाट टॅपेटचा तुटवडा आणि दर्जा यावरून इतकी ओरड झाली, की बरेच जण सरळ रोलरकडे वळले. ज्याला परवडेल त्याने खुशाल वळावं. मित्राने आधीच घराच्या छताचं काम काढलंय.

तर ऑर्डर गेली ती अशी: परफॉर्मर कॅम, त्याच्याच जोडीचे नवे टॅपेट (जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही, कुणीही फुकट दिले तरी नाही), नवी टायमिंग चेन, जोडीचं इनटेक मॅनिफोल्ड आणि टू-बॅरलच्या जागी ६०० सीएफएमचा फोर-बॅरल कार्ब्युरेटर. ३५० इंचांच्या इंजिनाला ५५०० आरपीएमला हिशेबाने साधारण ५५७ सीएफएम हवा लागते, म्हणजे ६०० पुरे. आवाजाची हौस फिटावी म्हणून ड्युअल एक्झॉस्टला मी आनंदाने संमती दिली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासूनची परंपरा आहे. तिथे मैलोन्‌मैल गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, ऊन तापलेलं असतं, आणि मोठ्या कॅमवाले कडेला बोनेट उघडून उभे असतात. याला एसी लावून मुलीला आइस्क्रीम भरवत जाता येईल.

बसवायचा दिवस ठरलाय. कार्ब्युरेटर आधीच पेट्रोलने भरून ठेवायचा, टायमिंग आधीच जुळवायचं, म्हणजे किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन लागलं पाहिजे. कोरड्या उंचवट्यांवर नुसता स्टार्टर मारत बसायचं नाही. लागलं की आयडलवर सोडायचं नाही, कारण कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला शिंतोडे उडतच नाहीत. लगेच २००० च्या वर न्यायचं आणि वीस ते तीस मिनिटं २००० ते २५०० च्या दरम्यान वरखाली करत धरायचं. मग ब्रेक-इनचं तेल आणि फिल्टर बदलून टाकायचे.

"शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव," मी म्हटलं, "अर्धा तास बराच आवाज होईल."

"सॉल्लिड!" तो म्हणाला. "अर्धा तास तर अर्धा तास."